ताटाची डावी बाजू

मराठीत पालेभाजी ‘निवडतात’. मंडईत उभे राहून ही घ्यावी की ती, हे ठरवणे म्हणजे निवडणे. आणि घरी आल्यावर वर्तमानपत्र पसरून, मांडी घालून, जून देठ, पिवळे पान, गवताची काडी, चुकून आलेली अळी बाजूला काढत बसणे, तेही निवडणेच. दोन्ही कामांना डोळा, बोट आणि नाक लागते, म्हणून एकच क्रियापद पुरले असावे. सकाळच्या हिरव्या पेल्याची जी लाट आपल्या शहरांत आली, तिने यातले दुसरे निवडणे मोडीत काढले आणि पहिले नावापुरते ठेवले. पालक धुतला, केळे सोलले, बर्फ टाकला, बटण दाबले. पालकच का, हे फारसे कोणी विचारत नाही.

मीही विचारले नव्हते. एका हिवाळ्यात रोज एक जुडी पालक मिक्सरमधून काढून पीत होते. पालक स्वस्त, बारमाही, केळ्याबरोबर वाटला की चवीला बिनविरोध. दोन दिवसांच्या दोन जुड्या एकदम घ्यायला लागले तेव्हा भाजीवाल्या मावशींनी विचारले, “ताई, घरी पाहुणे आलेत का?” म्हटले, नाही, मी एकटीच पिते. त्या जुडी हातात तशीच धरून म्हणाल्या, “पालक काय प्यायची वस्तू आहे?” तेव्हा हसून सोडून दिले. पण प्रश्न अडाणी नव्हता. किंबहुना या विषयावर मी पुढे जे काही वाचले, त्याचा गाभा तोच होता.

हिशोब साधा आहे. पालकाची मध्यम जुडी दोनअडीचशे ग्रॅमची. डाळ आणि शेंगदाणे घालून तिची पातळ भाजी केली तर चार माणसांना पुरते, म्हणजे माणशी पन्नाससाठ ग्रॅम पाला. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे १०० ग्रॅम पालेभाजी खायला सांगते, आणि आपल्यातले बहुतेक जण तिथवर पोचत नाहीत. माझ्या पेल्यात मात्र एका बैठकीला, पाच मिनिटांत, अख्खी जुडी जात होती. तीच जुडी कच्ची, नुसती, दातांनी खाऊन पाहा. दहाबारा पानांनंतर दातांवर खरखर जाणवते, जीभ नको म्हणते, जबडा कंटाळतो. हा कंटाळा म्हणजे शरीराचे माप आहे. मिक्सरला जीभ नाही, जबडा नाही, कंटाळाही नाही. जे माप तोंड ठरवत होते ते आता डोक्याला ठरवावे लागते, आणि म्हणूनच हिरव्या पेल्यात कोणता पाला घालायचा हा प्रश्न चवीपुरता उरत नाही.

या पेल्याचा आजचा अवतार अमेरिकेत घडला. रशियात जन्मलेल्या आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या व्हिक्टोरिया बुटेंको यांचे ‘ग्रीन फॉर लाइफ’ हे पुस्तक २००५ साली आले आणि कच्चा पाला फळांबरोबर वाटून पिण्याचा पंथ जोरात सुरू झाला. त्यांचा एक आधार चिंपांझी हा होता. हा आपला जवळचा नातलग भरपूर पाला आणि फळे खातो, मग आपणही तसेच खावे. युक्तिवाद गोड आहे, पण त्यात एक गोष्ट गळते. रिचर्ड रँगहॅम हे मानववंशशास्त्रज्ञ चिंपांझींचा अभ्यास करण्यात हयात घालवलेले गृहस्थ. ते सांगतात की चिंपांझी दिवसाचे जवळजवळ सहा तास नुसते चावण्यात घालवतो. माणूस तासभरही चावत नाही. आपले दात लहान, जबडा नाजूक आणि आतडे आखूड झाले, कारण चावण्याचे बरेचसे काम आपण चुलीवर सोपवले. चिंपांझीचे जेवण हवे, पण त्याचे सहा तास नकोत, अशा माणसाची सोय मिक्सरने केली. यंत्राने दातांचे काम केले हे खरे; पण दात एक दुसरेही काम करत होते, थांबवण्याचे, ते यंत्राने घेतले नाही.

याच पंथात एक नियम कळकळीने सांगितला जातो: पाला बदलत राहा, रोज तोच वापरू नका. नियम योग्य आहे, कारण मात्र चुकीचे दिले जाते. म्हणे प्रत्येक पाल्यात थोडे विषारी अल्कलॉइड असतात आणि एकच पाला रोज घेतला तर ते साचतात. ज्या पाल्यांमुळे माणसे खरोखर अडचणीत आली, तिथे गुन्हेगार अल्कलॉइड नव्हते. पालकाच्या बाबतीत गुन्हेगार असतात ऑक्झॅलिक आम्ल आणि त्याचे क्षार, म्हणजे ऑक्झॅलेट. शंभर ग्रॅम कच्च्या पालकात ते सहाशेपासून जवळजवळ हजार मिलिग्रॅमपर्यंत भरते. ज्यांना मुतखडा होतो त्यांना डॉक्टर दिवसभराचे ऑक्झॅलेट १०० मिलिग्रॅमच्या आत ठेवायला सांगतात, हे लक्षात घेतले म्हणजे एका जुडीचा पेला काय असतो ते कळते. निरोगी मूत्रपिंड यातले बरेच निभावून नेते. रोज पालक पिणारा प्रत्येक जण आजारी पडतो असे मुळीच नाही. पण २०१८मध्ये अमेरिकेतल्या मूत्रपिंडाच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात ६५ वर्षांच्या एका बाईची हकीकत छापून आली. मूत्रपिंडे आधी नीट होती. पूर्वी कधीतरी पोटाची बायपास शस्त्रक्रिया झालेली, नुकताच अँटिबायोटिकचा दीर्घ कोर्स झालेला. त्यात ‘शरीरशुद्धी’ म्हणून हिरव्या पाल्याचा रस सुरू केला. ऑक्झॅलेटचे स्फटिक मूत्रपिंडात साचले आणि मूत्रपिंडे कायमची गेली.

कारण चुकीचे असले तर बिघडते कुठे, निष्कर्ष बरोबर आहे ना, असे कोणी म्हणेल. बिघडते ते असे. कारण ‘साचणारे काहीतरी विष’ इतके मोघम असेल तर माणूस पाल्याचे नुसते नाव बदलतो आणि समाधान पावतो. सोमवारी पालक, मंगळवारी चाकवत, बुधवारी लाल माठ, गुरुवारी बिटाचा पाला, शुक्रवारी राजगिरा. पाच दिवस, पाच रंग, पाच चवी. वनस्पतिशास्त्राच्या वहीत मात्र हे पाचही एकाच कुळाचे, राजगिऱ्याच्या कुळाचे. ऑक्झॅलेट भरपूर बाळगणे हा त्या घराण्याचा गुणधर्मच आहे. लग्न जुळवताना आडनावे वेगळी पाहून गाफील राहावे आणि मग गोत्र एकच निघावे, तशातली गत. गंमत अशी की आपल्या बाजारात ‘पालक’ म्हणून मिळणारी भाजीसुद्धा अनेकदा विलायती स्पिनॅच नसते. ‘ऑल ग्रीन’, ‘पुसा ज्योती’ या शेतकऱ्यांच्या ओळखीच्या पालकाच्या जाती बिटाच्या जातकुळीतल्या आहेत. म्हणजे गुरुवारचा बिटाचा पाला सोमवारच्या पालकाचा सख्खा भाऊ. चुक्याचे कूळ वेगळे, पण त्याचा आंबटपणा बराचसा ऑक्झॅलिक आम्लाचाच. घोळही त्याच पंक्तीत बसते. तेव्हा बदलायचे असेल तर नाव नव्हे, कूळ बदलले पाहिजे.

कूळ बदलले की वाट मोकळी होते. मेथी डाळींच्या कुळातली. कोथिंबीर आणि शेपू जिऱ्या-बडीशेपेच्या. मुळा, मोहरी, कोबी, नवलकोल यांचे कूळ मोहरीचे. करडईचा कोवळा पाला, पाथरी आणि सॅलडची पाने सूर्यफुलाच्या नात्यातली. पुदिना तुळशीच्या घरचा. यांत मेथी, कोथिंबीर आणि मोहरी-कुळातला पाला यांचे ऑक्झॅलेट पालकाच्या तुलनेत किरकोळ म्हणावे इतके कमी. फायदाही नुसता टाळण्याचा नाही. रॉबर्ट हीनी आणि कॉनी वीव्हर यांनी १९८८ ते १९९० या काळात मोजून दाखवले की पालकातल्या कॅल्शियमपैकी जेमतेम पाच टक्के शरीरात शोषले जाते, दुधातले सत्तावीस टक्क्यांच्या आसपास आणि केल नावाच्या पाल्यातले चाळीस टक्के. कोष्टकात पालकाचे कॅल्शियम भरघोस दिसते. पण ऑक्झॅलेटने आधीच हात धरून ठेवलेले कॅल्शियम आपल्या वाट्याला येत नाही. कोष्टक पाहून पाला निवडणे म्हणजे पगारपत्रक पाहून जावई निवडणे. कर्जाचा रकाना त्यात नसतो.

(जाता जाता, पालकाच्या लोहाची गोष्ट. दशांश चिन्ह चुकून सरकले म्हणून पालकाचे लोह दहापट छापले गेले आणि त्यातून पॉपायच्या हाती पालकाचा डबा आला, हे आपण सगळ्यांनी ऐकले आहे. तो किस्साही खरा ठरत नाही. पॉपायच्या चित्रकाराने १९३२च्या एका चित्रमालिकेत कारण दिले होते ते अ जीवनसत्त्वाचे. चुकीचा समज खोडण्यासाठी सांगितली जाणारी गोष्ट स्वतःच चुकीची असू शकते, हे आरोग्याच्या लेखनात वारंवार घडते. कच्च्या पाल्यातली ‘जिवंत एन्झाइम्स’ तसलीच. एन्झाइम म्हणजे प्रथिन. जठरातले आम्ल त्याला इतर प्रथिनांसारखेच पचवते. आणि हरितद्रव्याला ‘हिरवे रक्त’ म्हणत गव्हांकुराचा रस बागेच्या दारात विकला जातो, त्यात साम्य इतकेच की दोन्ही रेणूंची बैठक सारखी असते. एकाच्या मधोमध मॅग्नेशियम, दुसऱ्याच्या लोह. त्यामुळे एकाचे दुसरे होत नाही.)

पण मोहरीचे कूळ म्हणजे निर्भय कूळ असेही समजू नये. २०१०मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने ८८ वर्षांच्या एका चिनी आजींची नोंद छापली. मधुमेह आटोक्यात राहील या समजुतीने त्या कित्येक महिने रोज एक ते दीड किलो बॉक चॉय, म्हणजे चिनी कोबीचा एक प्रकार, कच्चा खात होत्या. या कुळातली काही द्रव्ये थायरॉइडच्या कामात अडथळा आणतात आणि शिजवल्यावर हा अडथळा बराच कमी होतो. आजी थायरॉइडच्या टोकाच्या कमतरतेने अत्यवस्थ होऊन रुग्णालयात आल्या. दीड किलो हा आकडा पुन्हा वाचावा. इथेही दोष पाल्याचा थोडा आणि मापाचा जास्त. तसेच रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्याने पेला अचानक सुरू करणे किंवा अचानक बंद करणे, दोन्ही धोक्याचे. पाल्यातले के जीवनसत्त्व त्या गोळीच्या विरुद्ध बाजूला ओढते.

आता माप कोणाकडून शिकायचे? मला वाटते, आपल्याच ताटाकडून. आपल्याकडे पाला कच्चा खाल्ला जात नाही, हे शहरी अज्ञान आहे. सोलापूर, मराठवाडा, खानदेश या भागांत कोवळी मेथी बारीक चिरून तिच्यात कांदा, हिरवी मिरची, दाण्याचे कूट, मीठ आणि वरून कच्चे तेल घालून घोळाणा करतात. करडईच्या कोवळ्या पाल्याचाही होतो. रानात काम करताना पाथरीची पाने उपटून, झटकून भाकरीबरोबर तशीच खाल्ली जातात. हरभऱ्याचे शेंडे खुडताना दोनचार तोंडात जातातच. त्यावरची आंब जिभेला लागली की हात आपोआप थांबतो. मुळ्याच्या पाल्याचा चटका आहे, कांद्याची पात आहे, आणि कोथिंबीर-पुदिन्याची चटणी तर रोजची. ही सगळी कच्ची पाने ताटात कुठे वाढतात? डाव्या बाजूला. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर यांच्या रांगेत. उजव्या बाजूला भाजी आणि आमटी, म्हणजे शिजलेले. डावीकडचे चमच्याने वाढायचे, उजवीकडचे डावाने. ही मांडणी कोणी प्रयोगशाळेत बसून ठरवली नव्हती, पण तिच्यात एक माप मुरलेले आहे: कच्चा पाला चवीला, शिजलेला पोटाला.

हिरव्या पेल्याने केले काय, तर ताटाची डावी बाजू उचलून मधोमध ठेवली आणि तिचे जेवण केले. माझा पेल्याला विरोध नाही. त्याने डावीकडून मधोमध येण्याला आहे.

इथे ‘बघा, आपल्या पूर्वजांना सगळे माहीत होते’ असा सूर लागू लागतो. तो मला लावायचा नाही. हे खरे की वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त पालेभाजी शिजवून, तिचा रस पिळून काढून, भरपूर स्नेह घालून खावी अशा अर्थाचा सल्ला आहे. आणि हेही खरे की २००५च्या एका अमेरिकी अभ्यासात पाण्यात उकळून ते पाणी टाकले तर भाज्यांतले विरघळणारे ऑक्झॅलेट तीस टक्क्यांपासून सत्त्याऐंशी टक्क्यांपर्यंत कमी झालेले आढळले. वाफवल्याने त्या मानाने बरेच कमी उतरते. दोन्हींत मेळ आहे. पण त्याच पाण्याबरोबर क जीवनसत्त्व जाते, फोलेटही जाते. वाग्भटाला पचनाची चिंता होती, जीवनसत्त्वांची त्याला गाठभेट नव्हती. आणि आपल्या स्वयंपाकघरांनीही पाल्याचे हाल कमी केलेले नाहीत. शेपू तासभर शिजवून त्याचा चोथा करणारी घरे मी पाहिली आहेत. पालक हिरवागार दिसावा म्हणून चिमूटभर खाण्याचा सोडा टाकणारे हात तर सर्रास. सोड्याने रंग राहतो आणि क जीवनसत्त्व उरलेसुरलेही जाते. परंपरेला मुजरा करायचा तर तिचा हाही हिशोब मांडावा.

शिवाय पेल्याच्या बाजूने एक भक्कम साक्ष आहे आणि ती लपवून वाद जिंकणे बरे नव्हे. स्वीडनमधल्या लिंकॉपिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी पालकातले ल्युटीन हे डोळ्यांना उपयोगी द्रव्य कोणत्या रीतीने जास्त मोकळे होते ते तपासले. जितका वेळ उकळले तितके ल्युटीन घटले. तळल्याने तर लवकरच बरेच गेले. सर्वांत सरस ठरली ती कच्ची पाने बारीक वाटून त्यात स्निग्धांश असलेले दूध किंवा दही घालण्याची रीत. यंत्राने पेशी फोडल्या आणि स्निग्धाने ल्युटीन उचलले. म्हणजे मिक्सर नुसता खलनायक नाही. पण या निष्कर्षातला दह्याचा भाग आपल्याकडच्या पाककृतींतून नेमका गळतो, कारण आपण तो पेला ‘डिटॉक्स’ म्हणून पितो आणि डिटॉक्समध्ये दही चालत नाही अशी कोणीतरी समजूत करून दिलेली असते. दह्यातले कॅल्शियम पोटातच ऑक्झॅलेटला पकडते आणि त्यातले बरेचसे रक्तात न जाता बाहेर पडते. ताकातला पालक करणारी आई हे रसायन जाणत नव्हती, तिला ताक संपवायचे होते. पण जोडी जमली ती जमलीच.

तर पेल्यात घालायचे कसे ठरवायचे, यावर माझे मत सांगते. पहिली चाचणी ही की हे पान कच्चे कोणी खाते का. मेथी, कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा कोवळा पाला, पाथरी, करडई, सॅलडची पाने: खातात. अळू: कोणीही खात नाही. अळूच्या पानात कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते घशात टोचतात; म्हणून फदफद्यात चिंच किंवा ताक पडते आणि ते भरपूर शिजते. पावसाळ्यात रानभाज्यांची प्रदर्शने भरतात, तिथून उत्साहाने आणलेली पिशवी थेट मिक्सरमध्ये रिकामी करणाऱ्यांची मला खरोखर भीती वाटते. शेवळे आणणाऱ्या ठाकर किंवा कातकरी बाईला विचारा. ती त्याबरोबर काकडेही विकते आणि ते घातल्याशिवाय भाजी करू नका, खाज सुटेल, असे न विचारता सांगते. तिच्या टोपलीबरोबर तिची सूचनाही विकत घ्यायची असते. टाकळा, भारंगी, दिंडा या उजव्या बाजूच्या भाज्या आहेत. त्यांना डावीकडे बसवण्याचे धाडस करू नये.

दुसरी चाचणी जिभेची. पेल्याच्या पाककृती एकजात सांगतात की कडू लागले तर केळे वाढवा, आंबा घाला, खजूर टाका. म्हणजे जीभ जे सांगते आहे ते गोडाखाली दाबा. बुटेंकोबाईंच्या मूळ कृतीतच फळ साठ टक्के आणि पाला चाळीस टक्के होता. दोन केळी आणि चार खजुरांत बुडवलेला पाला प्यायला सोपा जातो, आणि नेमके तेच काळजीचे. आपल्याकडे तर उलट बाजूनेही घात होतो, कारण कडू ते औषध अशी आपली श्रद्धा. २०१०मध्ये दिल्लीत दुधीचा कडू रस पिऊन एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने नेमलेल्या समितीचा सल्ला सरळ होता: दुधीचा तुकडा आधी चाखून पाहा, कडू असेल तर रस काढू नका, प्यायल्यावर त्रास झाला तर तात्काळ रुग्णालय गाठा. दुधी काही पाला नाही, पण गोष्ट तीच. भाजी कडू निघाली असती तर पहिल्याच घासाला ताट बाजूला सारले असते. पेल्यात होती, म्हणून नाक दाबून प्यायली गेली. मेथीचा कडवटपणा आपल्या ओळखीचा आणि निरुपद्रवी आहे. अनोळखी कडवटपणा हा इशारा असतो. म्हणून मिक्सरचे बटण दाबण्याआधी एक पान चावून पाहावे. फार नाही, एकच.

तिसरी गोष्ट चाचणीची नाही, पाण्याची आहे. कच्चा पाला खायचा तर तो कोणत्या पाण्यावर वाढला हे माहीत हवे. मुंबईत लोकलच्या खिडकीतून रुळांकडेचे पालकाचे, माठाचे, अळूचे वाफे ज्याने पाहिले आहेत आणि त्यांच्या शेजारून वाहणारा नालाही पाहिला आहे, त्याला वेगळे सांगायला नको. शिजवणे हा आपला स्वस्तातला निर्जंतुकीकरणाचा उपाय होता आणि कच्च्या पेल्याने तो काढून घेतला. श्रीमंत देशांतही यावर रामबाण सापडलेला नाही. २००६मध्ये कॅलिफोर्नियातला धुऊन, पुन्हा धुऊन पिशवीबंद केलेला पालक खाऊन अमेरिकेत सुमारे दोनशे लोक आजारी पडले, तीन दगावले. पाल्यावर ई-कोलाय जिवाणूची घातक जात होती. धुतल्याने माती जाते. पानाच्या सुरकुतीत बसलेला जिवाणू जाईलच असे नाही, आणि फीतकृमीची अंडी तर डोळ्यांना दिसतही नाहीत. जैन मंडळी चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य करतात त्यामागे जीवदयेचा विचार आहे, आरोग्याचा नव्हे. पण भर पावसाळ्यात चिखलाने माखलेली जुडी कच्ची न खाणे हा हिशोब श्रद्धेशिवायही पटतो. ज्याच्याकडे खिडकीत चार कुंड्या आहेत त्याने मेथी आणि कोथिंबीर तिथे लावावी. मेथीदाणे पेरल्यावर तीनेक आठवड्यांत कोवळी पाने खुडता येतात.

यावर मला सर्वांत जास्त ऐकवला जाणारा आक्षेप असा: तुम्ही घाबरवता, आणि लोक पालेभाजीच खाणे सोडतात. आक्षेपात तथ्य आहे. ज्याच्या डब्यात आठवड्यातून एकदाही पाला नसतो, ज्याला सकाळी सातची लोकल पकडायची आहे, ज्या आजोबांचे दात उरलेले नाहीत, त्यांना पेला सोयीचा आहे आणि त्यांनी तो प्यावा. प्रश्न पेल्याच्या आकाराचा आहे. जुडी नको, मूठ पुरे. मुठीत बसेल इतका पाला, तो एकाच कुळातला रोज नाही, वाटीभर दही, पाहिजे तर अर्धे केळे. आणि तो पेला जेवणाऐवजी नव्हे, जेवणाबरोबर. मूठभर पाला हे ताटाच्या डाव्या बाजूचेच माप आहे. फक्त चमच्याऐवजी पेल्यातून आले. पालक, माठ, चाकवत, राजगिरा यांनी मात्र उजवीकडेच राहावे. डाळीत, ताकात, गोव्याच्या तांबड्या भाजीसारखे खोबऱ्यात. त्यात त्यांचा अपमान काही नाही.

राहता राहिला केल. मॉलमध्ये प्लास्टिकच्या डब्यात, ओलसर कागदात गुंडाळून, जुडीभर पालकाच्या कित्येक पट किमतीला मिळतो. हिरव्या पेल्याच्या पाककृतींत त्याला राजाचा मान आहे आणि तो अगदीच फुकाचा नाही. वर सांगितलेले चाळीस टक्के कॅल्शियम त्याचेच. पण तो जातीने कोण? कोबी, फ्लॉवर, नवलकोल आणि केल ही शास्त्रीयदृष्ट्या एकच प्रजाती आहे. माणसाने कोणाचा गड्डा वाढवला, कोणाचे फूल, कोणाचे खोड; केलची नुसती पाने वाढवली. म्हणजे नवलकोलचा पाला हा केलचा सख्खा भाऊ, आणि मंडईत तो आपल्या डोळ्यांदेखत मुरगळून टोपलीखाली टाकला जातो, कारण गिऱ्हाइकाला गड्डाच हवा असतो. कोवळा असेल तर त्याचा घोळाणा मेथीइतकाच चांगला होतो. थायरॉइडचा त्रास असेल तर तो परतून खावा. आणि पेल्यात मूठभर टाकला तर केलने काही वेगळे केले असते असे मला वाटत नाही.

मावशींकडून मी आता आठवड्याला एक जुडी पालक घेते, तो डाळीत जातो. नवलकोल घेताना पाला तोडू नका म्हणून सांगते. त्या त्याचे पैसे लावत नाहीत. तुम्हीही सांगून पाहा.